मुंबई लावणारा हात

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आज पडते आहे, ती मला झोप येत नाही म्हणून नव्हे. झोप मला चांगली लागते. जेवण जातं. नातवंडं अंगावर खेळतात. तेव्हा एक थकलेला ड्रायव्हर देवाच्या दारात उभा राहून हात जोडतोय, असं कुणी समजू नये. जोडायचे असते तर तेव्हाच जोडले असते, आणि ज्यांच्यापुढे जोडायला हवे होते त्यांच्यापुढे. तुमच्यापुढे कशाला?

पण सांगतो. बसा जरा.

मी मूळचा राजापूरच्या खालच्या अंगाचा. मराठी चौथीत शाळा सुटली. सुटली कसली, सोडली. मास्तरांनी विचारलंही नाही. मुंबईला एका मोटारीच्या कारखान्यात गाड्या पुसायला लागलो, पुसता पुसता हाकायला शिकलो. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी वाशीमजवळच्या रिठदचे बापूसाहेब मुंबईला गाडी घ्यायला आले. मोठे जमीनदार, घर देशमुखी, बोलणं सपाट. गाडी घेतली आणि म्हणाले, "आता हिले तिकडं नेईन कोन? तूच चाल." गाडीबरोबर मीही गेलो. स्टेपनीसारखा.

रिठद कुठे आणि राजापूर कुठे! आमच्याकडे पाऊल टाकलं की चढ नाहीतर उतार. इकडे नजर जाईल तिथवर काळी सपाट जमीन, कापूस आणि ज्वारी. समुद्र म्हटलं तर लोक हसायचे. भाषा मराठीच, पण माझ्या कानाला परकी, आणि त्यांना मी परका. "ड्रायव्हर पुस्तकावानी बोलते," म्हणायचे. पहिल्याच पावसाळ्यात मला हिवताप आला. बापूसाहेबांच्या बायकोनं, म्हणजे बाईसाहेबांनी, स्वतःच्या घोंगड्या माझ्या अंगावर घातल्या. हे मी विसरलेलो नाही. त्या घराचं मीठ मी खाल्लं, ते गोड होतं, हे आधी नोंदवून ठेवतो — कारण पुढे जे सांगणार आहे ते त्याच मिठाबद्दल आहे.

आता गाडीतला रेडिओ. तुम्ही आजचे लोक, तुम्हाला त्याचं काय! तेव्हा आख्ख्या रिठदात रेडिओ तो एकच, आणि तो गाडीच्या पोटात. डॅशबोर्डखाली लोखंडी डबा, वर दोन खुंट्या. डावी फिरवली की टक् व्हायचं आणि रेडिओ सुरू. तीच पुढे फिरवत नेली की आवाज मोठा. उजव्या खुंटीनं स्टेशन लावायचं. पण टक् केल्याबरोबर काही बोलायचा नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत थांबायचं. मग आधी भुंग्यासारखी गुणगुण, आणि नंतर खरखरीतून वर येणारा माणसाचा आवाज. दिवसा तर काहीच नाही. दिवेलागणीच्या सुमाराला निजामाच्या मुलखातलं एक स्टेशन उर्दूत बोलायचं, ते पोरालाही लागलं असतं. मुंबई मात्र लाजरी. खुंटी केसभर इकडे झाली की शिट्टी, केसभर तिकडे झाली की पुन्हा खरखर.

लढाई लागली आणि पेट्रोलला कुपनं आली. गाडी शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. आजूबाजूच्या मालकांनी आपापले ड्रायव्हर सोडून दिले. बापूसाहेब म्हणाले, "राहू दे. गाडी हाय त ड्रायव्हर हाय." मी त्यांच्या पाया पडलो. खरोखरच पडलो, आणि त्या दिवसापासून घाबरलो. ज्या माणसाची गरज उरलेली नाही त्याला कुणी किती दिवस पोसतं? उपकारावर ठेवलेल्या माणसानं कशाला धरून राहायचं?

मी रेडिओला धरलं.

गाडी चालत नव्हती तरी रेडिओ चालत होता. त्याला बॅटरी पुरे. बॅटरी उतरली की तिला बैलगाडीत कडब्यावर बसवायचं आणि वाशीमला मोटारवाल्याकडे भरायला पाठवायचं. मोटारीची बॅटरी बैलगाडीतून! गाव हसायचं, पण वाट बघायचं. संध्याकाळी अंगणात सतरंज्या पडायच्या. गाडी शेडमधून ढकलत अंगणाच्या तोंडाशी आणायची, दारं उघडायची, आणि मी पुढच्या सीटवर बसून खुंटी फिरवायची. लढाईच्या बातम्या, भजन, बाजारभाव. त्या वेळापुरता मी नोकर नव्हतो. त्या वेळापुरता मी मुंबई होतो.

आणि मग वहिनी.

वहिनी म्हणजे बापूसाहेबांची सून. माहेर कामरगावचं. नवरा नागपूरला वकिलीचा अभ्यास करत होता, सणासुदीला यायचा. घर पडदा पाळणारं. म्हणून गाडीलाही पडदे होते, मागे दोन्ही बाजूंना आणि पुढच्या काचेलाही लावता येतील असे. एका संध्याकाळी बाईसाहेबांना कीर्तन जवळून ऐकायचं होतं, म्हणून पडदे ओढून दोघी सासू-सुना गाडीत बसल्या. मी बाहेर, चाकाशी. त्या दिवशी मुंबई काही केल्या लागेना. मी दारातून हात घालून खुंटी फिरवत होतो, शिट्टीवर शिट्टी. घरचा हिशेब बघणारे दिवाणजी सतरंजीवरून ओरडले, "अरे, मुंबई लाव म्हनलं तुले, इंजनाची शिट्टी नाही!" सगळे हसले. मी हात काढला. तेवढ्यात पडद्याआड बांगड्या वाजल्या, आणि कीर्तनकार अंगणात येऊन उभा राहिला. स्वच्छ. ओठ हलताना दिसावेत इतका स्वच्छ.

बापूसाहेब खुर्चीतून उठलेच. "कोनं लावलं हे?"

"सूनबाईनं," बाईसाहेब आतून म्हणाल्या. जरा भीतभीतच.

बापूसाहेब पुन्हा खुर्चीत टेकले. मग म्हणाले, "हाताले गुन हाय. आता रोज तुमीच लावत जा."

तर असं. देशमुखांच्या घरची सून, जिचं तोंड गावानं लग्नानंतर पाहिलं नव्हतं, ती रोज संध्याकाळी पडद्याआड पुढच्या सीटवर बसायची आणि सबंध गावाला मुंबई ऐकवायची. बाहेरून दिसायचं काय? काही नाही. पडद्याची फट असली तर हिरव्या बांगड्या घातलेलं एक मनगट. पण गाव त्या मनगटाकडे तोंड करून बसायचं. ती खुंटी फिरवायची नाही, नुसती टेकून ठेवायची. आवाज बुडू लागला की बुडायच्या आधीच तिचं बोट कळेल न कळेल इतकं हलायचं. मला आवाज बुडाल्यावर कळायचं, तिला बुडायच्या आधी. हे शिकवून येत नाही. मी चोरून पुष्कळ करून पाहिलं.

कार्यक्रम संपला की ती जाता जाता शेडच्या दाराआडून मला विचारायची, "ड्रायव्हरभाऊ, हे समुद्राचं गानं व्हतं, त्यातलं गलबत म्हंजे काय?" मी सांगायचो, समुद्रावरचं शिडाचं जहाज. "म्हंजे पान्यावरची दमनीच की!" म्हणून हसायची. दमणी म्हणजे इकडची बैलांची छोटी गाडी. एकदा म्हणाली, "सासरी आल्यापासून मले कोनी काही विचारत नाही, भाऊ. हे येक काम असं हाय का सारे माह्याकडं पाहून राह्यले." मी म्हटलं, "होय वहिनी." आणि फडकं घेऊन काचा पुसायला लागलो.

त्याच आठवड्यात दिवाणजींनी मला विहिरीवर गाठलं होतं. "काहून रे ड्रायव्हर, गाडी त उभी हाय, रेडिओ वहिनी लावते. तू काय फक्त फडकं माराले हायस?" थट्टाच ती. त्यांनाही संध्याकाळपर्यंत आठवली नसेल. मला अजून आठवते.

आता नवमीचं सांगतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातली सगळी अवजारं धुऊन मांडायची, त्यांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. त्यांनाही विसावा. नांगर, वखर, विळे, कुऱ्हाडी, बापूसाहेबांची बंदूक. त्या वर्षी बॅटरी आदल्याच दिवशी वाशीमहून भरून आली होती. तीही विळ्यांशेजारी पाटावर बसली. रेडिओ अवजारात धरायचा का, यावर सकाळी बाईसाहेबांचा आणि दिवाणजींचा मोठा वाद झाला. बाईसाहेबांनी निकाल दिला, "बोलत असलं तरी अवजारच ते. घरातले बाप्येबी बोलतेच की." सगळे हसले, दिवाणजीसुद्धा. मग सुनेनं बॅटरीच्या दोन्ही खांबांना कुंकू लावलं, गाडीला हार घातला, आणि विळ्यांच्या पात्यांना लावतात तसं जवसाचं तेल रेडिओच्या खुंट्यांना आणि जाळीलाही लावलं. विसाव्यात गंजू नये म्हणून.

त्या संध्याकाळी मुंबईवर आमच्या बाजूचा नमनाचा खेळ, गाण्या-सोंगांचा, लागणार होता. आठवडाभर आधी सांगितलं होतं, तेव्हापासून माझं मन तिथे. आमच्या बाजूचा मृदंग, आमच्या बाजूची बोली. इतकी वर्षं ती कानावर नव्हती. घरची सगळी माणसं देवीला गेली होती. मी पाटावरची बॅटरी उचलली, गाडीत नेली, तारा जोडल्या.

बॅटरीच्या दोन खांबांपैकी एकाला कारखान्यात लाल रंग देतात, तो अधिकचा. रंगावरून ओळखायचं आणि त्याचीच तार त्याला लावायची. त्या दिवशी कुंकवामुळे दोन्ही खांब लाल होते.

थांबा. मान हलवू नका. ही सबब मला नको आहे. अधिकचा खांब जाड असतो आणि दुसरा बारीक, हे मोटार पुसणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. एक तार खांबावर बसेना, ती मी हातोडीनं बसवली. दुसरी ढिली झाली, ती आवळली. हात सांगत होते, उलटं होतंय. पण नमन सुरू होणार होतं, आणि माणसं केव्हाही परत येणार होती. मी खुंटी फिरवली. टक्. गुणगुण नेहमीपेक्षा जाड आली. मग मेण जळल्यासारखा वास, जाळीतून धुराची एक दोरी — आणि संपलं.

मी काय केलं? तारा सोडल्या. बॅटरी पाटावर होती तशी ठेवली. खांबांवरचं कुंकू पुसलं गेलं होतं. पूजेच्या ताटातून चिमूटभर घेऊन ते पुन्हा लावलं. देवीचं कुंकू. अगदी नीट, पहिल्यासारखं लावलं, हे सांगतो. खोटं कशाला सांगू?

दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव सोनं द्यायला आलं. बापूसाहेबांनी शेजारच्या गावांतलेही चार प्रतिष्ठित लोक मुद्दाम बोलावले होते. मी तारा जोडल्या, आता बरोबर. गाडी अंगणात आली. पडदे ओढले. वहिनी नव्या लुगड्यात आत जाऊन बसली. टक् ऐकू आलं. खुंटीजवळचा पिवळा दिवा लागला, पण आवाज नाही. लोकांनी वाट पाहिली. बांगड्या वाजल्या, पुन्हा वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "मुंबईवाले सोनं वाटाले गेले वाट्टे." हशा झाला आणि लगेच विरला, कारण बापूसाहेब हसले नव्हते.

"ड्रायव्हर, पाह्य बरं."

मी बॉनेट उघडलं. आत काय पाहायचं होतं? मला सगळं माहीत होतं. नुसती मान घालून उभा राहिलो. तेवढ्यात दारातून बाईसाहेबांचा आवाज आला, "काल त्या डब्याले तेल कोनं लावलं व्हतं?"

पडद्याआडून उत्तर आलं. चटकन, एका दमात. "म्या लावलं, आत्याबाई. विळ्याले लावलं तसंच."

बापूसाहेब माझ्याकडे वळले. एवढ्या लोकांत, त्या पाहुण्यांत, त्यांनी मलाच विचारलं, कारण त्यातलं जाणणारा तिथे मी एकटाच होतो. "ड्रायव्हर, तेलानं बिघडते काय हे?"

इथे मला नाही म्हणता आलं असतं. एक शब्द. तेलानं काही झालेलं नव्हतं. पुसलं असतं की संपलं असतं. मी म्हटलं, "बिघडू शकतं, बापूसाहेब." आणि वर म्हटलं, "पण वहिनींना काय ठाऊक? त्यांनी तर भक्तीनं लावलं."

पाहिलंत? दोष घातला तोही हळुवार हातानं. पाहुण्यांतले एक म्हणाले, "ड्रायव्हर भला माणूस दिसते." बाईसाहेब एवढंच म्हणाल्या, "म्हून म्हनते, बाईच्या जातीनं यंत्राच्या नादी लागू नाही." थोड्या वेळानं गाडीचं पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला.

तुम्हाला वाटत असेल, झाली गोष्ट. भ्याला बिचारा, परक्या मुलखातलं पोर, नोकरी जाईल म्हणून एक शब्द बोलून गेला. ही दया तुमची तुम्ही ठेवा. एवढंच असतं तर मी तुम्हाला बसवून घेतलं नसतं.

डबा घेऊन मीच अकोल्याला गेलो. तिथे एक म्हातारे खाँसाहेब रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि खो खो हसले. "उल्टी बैटरी जोड़ी है किसी ने! कोई पक्का अनाड़ी होगा." मी म्हटलं, "होगा." काही भाग मुंबईहून यायचे होते, त्यात हिवाळा गेला. खाँसाहेबांचं बोलणं अकोल्यालाच राहिलं. रिठदला ते घेऊन जाणारा माणूस मी होतो, आणि मी नेलं नाही.

डबा परत आला. मी बसवला, चालू केला, चालला. संध्याकाळी पुन्हा सतरंज्या पडल्या. बापूसाहेब मनाचे मोठे. त्यांनी घराकडे तोंड करून हाक दिली, "सूनबाई, या. झालं ते झालं. तुमीच लावा मुंबई."

ती दारात आली. डोक्यावरून पदर, चेहरा दिसत नव्हता. ती पुढे झाली नाही. दारातच थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं. पदर माझ्या दिशेनं वळला, एवढंच मला दिसलं. सासऱ्यांचा हुकूम होता, तरी ती मला विचारत होती. लावू का? मोडणार तर नाही ना पुन्हा माझ्या हातून?

या खेपेला मला भीती नव्हती. नीट ऐका — नव्हती. रेडिओ दुरुस्त होता, उलट्या बॅटरीचं कुणाला ठाऊक नव्हतं, माझी नोकरी शाबूत होती. मी "या, वहिनी" म्हटलं असतं तर माझं काहीच गेलं नसतं. एक खुंटी सोडून.

मी म्हटलं, "नको वहिनी. आता फार नाजूक झालंय. कुणाचाही हात लागायला नको."

ती आत गेली.

हे आहे ते. बॅटरी नव्हे, कुंकू नव्हे, दसऱ्याचा तो एक शब्दही नव्हे. ती माझ्यापेक्षा चांगली मुंबई लावायची, आणि मला ते सोसत नव्हतं. तिच्या आयुष्यात तेवढी एक जागा होती, गाडीतली, पडद्याआडची, जिथे सारे तिच्याकडे बघत. ती जागा मला हवी होती आणि मी ती घेतली. धिटाईनं घेतली. सीटवर बसलो, पडदे काढून टाकले आणि खुंटीला हात घातला. लावताना शिट्टी झाली, बातम्या निम्म्या बुडाल्या. या खेपेला कुणी हसलं नाही. नाजूक झालं होतं ना.

पुढे मी शिकलो. लढाई संपेपर्यंत रोज मीच लावत होतो. चांगला लावायला लागलो, हेही सांगतो. नम्रपणाचं सोंग मला येत नाही. तिच्याइतका? नाही. तिच्याइतका कधीच नाही, आणि हे त्या गावात फक्त दोघांना कळत होतं. ती त्या संध्याकाळनंतर अंगणाकडे आली नाही. बाकीच्या बायका ओसरीच्या आत बसून ऐकायच्या, ती त्या वेळेला भाकरी थापायला बसायची. गलबत कशाला म्हणतात, असं मला पुन्हा कुणी विचारलं नाही. आतून गाण्याचा आवाज यायचा का, तिला वाईट वाटायचं का — मला ठाऊक नाही. मी तिकडे कान दिला नाही. माझे कान मुंबईकडे होते.

बापूसाहेबांना सांगता आलं असतं का? हजारदा. ते रागावले असते, चार दिवस बोलले नसते, आणि ठेवूनही घेतलं असतं. ही त्यांची जात मला ठाऊक होती. त्यांच्या उपकारांची जाणीव होती म्हणून सांगवलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. उपकाराची जाणीव! जाणीव असलेला माणूस त्याच घरातल्या सुनेच्या हातचं हिसकावतो? मी कृतज्ञ होतो, त्यात खोट नाही. पण कृतज्ञ माणूस चांगला असतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

लढाई संपल्यावर मला इंदूरला एका गिरणीच्या मोटारीवर काम मिळालं. घर आणखीच लांब, पण पगारी जागा. बापूसाहेबांनी पाठीवर हात ठेवला. दिवाणजींनी डोळे पुसले. काय म्हणावं! निघायच्या दिवशी सकाळी शेडच्या दाराशी वहिनी आली. दाराआड उभी राहिली, आणि पुढे आला तो नुसता हात. त्यात फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"दशम्या हायेत, भाऊ. वाटंनं खा. आन् त्या दसऱ्याची माह्यावाली चूक तुमी सावरून घेतली, ते मी इसरली नाही. दुसरा कोनी असता त चार लोकात माही अब्रू काढली असती."

मी गाठोडं घेतलं. बोलायला तोंड उघडलं होतं का? नाही. उघडलं होतं असं सांगायला बरं वाटलं असतं, पण नाही. म्हटलं, "येतो, वहिनी," आणि वाशीमला नेणाऱ्या दमणीत जाऊन बसलो.

अकोल्याला आगगाडीत बसल्यावर भूक लागली. फडकं सोडलं. दुधात भिजवलेल्या दशम्या होत्या, वर आंब्याचं लोणचं. सोबतच्या माणसानं गाठोड्याकडे पाहिलं, पण मी त्याला विचारलं नाही. खंडवा यायच्या आत मी त्या सगळ्या खाल्ल्या. चवीनं खाल्ल्या. फडकं झटकलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि खिडकीला डोकं टेकून झोपलो.